रेणूंचा झोत लेसरने थंड करणे: स्ट्रॉन्शियम फ्लोराइडचा आराखडा, नागपूरच्या हवेसकट

अंबाझरीकर (धागाकर्ता)

अणूंचं लेसर कूलिंग (फोटॉनच्या म्हणजे प्रकाशकणांच्या धक्क्यांनी वेग मारणं) इथे बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून प्रस्तावना टाळतो. हा धागा रेणूंच्या झोतासाठी, आणि तोही एकाच ठरावीक प्रयोगासाठी. स्ट्रॉन्शियम मोनोफ्लोराइडचा थंड झोत काढायचा आणि त्यावर आडवा लेसर मारून फैलाव आवळायचा. येल विद्यापीठात डेव्हिड डीमिल यांच्या गटाने २०१० मध्ये हे पहिल्यांदा करून दाखवलं. नागपुरातल्या लॅबमध्ये, मे महिन्यातही चालेल असा आराखडा करायचा तर काय लागेल आणि कुठे फसेल, ते मांडूया.

आधी हिशोब. मुख्य ट्रान्झिशन एक्स ते ए (तळच्या इलेक्ट्रॉनिक अवस्थेतून वरच्या अवस्थेत उडी), ६६३.३ नॅनोमीटर. रेणूचं वस्तुमान १०७ एकक, म्हणजे एका फोटॉनचा धक्का सेकंदाला ५.६ मिलिमीटर. वरच्या अवस्थेचं आयुष्य २४ नॅनोसेकंद, लाईनविड्थ (रेणू ज्या फ्रिक्वेन्सींचा प्रकाश शोषतो त्या पट्ट्याची रुंदी) ६.६ मेगाहर्ट्झ. झोताचं आडवं तापमान ५० मिलिकेल्विन धरलं तर आडवा वेग सेकंदाला साधारण २ मीटर येतो. तो मारायला २,००० भागिले ५.६, म्हणजे साडेतीनशे फोटॉन. प्रत्यक्षात काही फोटॉन वाया जातात, म्हणून ५०० धरू.

आता खरी अडचण. अणू फोटॉन सोडून मूळ जागी परततो. रेणू मात्र दर वेळी व्ही=० या कंपनपातळीवरच येईल याची खात्री नसते. या रेणूत तशी शक्यता सुमारे ९८ टक्के आहे. व्ही=१ वर सुमारे २ टक्के जातात, व्ही=२ वर ०.०४ टक्के, आणि त्यापुढे १ लाखात एखादा. रिपंप लेसर (दुसऱ्या कंपनपातळीवर गेलेल्यांना परत चक्रात आणणारा) न लावता ५०० फोटॉन मागितले तर २५ हजारांत एक रेणू उरेल. व्ही=१ साठी ६८६.० नॅनोमीटरचा एक रिपंप लावला की ८२ टक्के उरतात. व्ही=२ साठी ६८५.४ चा दुसरा लावला की ९९ च्या वर. म्हणून लेसर तीनच: ६६३, ६८६, ६८५. तिन्ही तरंगलांबींना थेट डायोड मिळतात, आणि हा रेणू निवडण्याचं माझ्या लेखी हेच सर्वांत मोठं कारण.

पॉवर किती यावर लोक तासनतास बोलतात. माझं मत: या प्रयोगात पॉवरचा प्रश्न दुय्यम, गळती कुठे कुठे आहे हा पहिला. प्रत्येक गळतीला आकडा लावल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये.

---

तर्रीबाज

कंपनाचं समजलं. पण फिरण्याचं काय? रेणू गरगर फिरून राहिला असेल तर प्रत्येक फोटॉनगणिक रोटेशनची पातळी बदलणार ना? त्या प्रत्येकासाठी वेगळा लेसर लावत बसायचं का?

---

लोलक

@तर्रीबाज, लावायची गरज नाही, आणि या विषयातली सगळ्यात देखणी युक्ती तीच आहे. एन म्हणजे फिरण्याची पातळी. सुरुवात एन=० पासून करायची नाही, एन=१ पासून करायची.

एन=१ ची पॅरिटी (अवस्थेच्या सममितीचं चिन्ह, धन किंवा ऋण) ऋण. तिथून लेसरने वरच्या अवस्थेतली सगळ्यात खालची, जे=१/२ (जे म्हणजे अणुकेंद्राचा स्पिन सोडून एकूण कोनीय संवेग), धन पॅरिटीची पातळी गाठायची. फोटॉन सोडताना पॅरिटी उलटावीच लागते, म्हणजे खाली फक्त ऋण पॅरिटीच्या पातळ्या मोकळ्या: एन=१, एन=३ वगैरे. पण जे एका वेळी १ हून जास्त बदलू शकत नाही. १/२ वरून फार तर ३/२ वर. एन=३ मध्ये जे ५/२ पासून सुरू होतो. म्हणजे उरलं फक्त एन=१. वाट आपोआप बंद, एकही जादा लेसर नाही. भौतिकशास्त्रज्ञ जून ये यांच्या गटाने २००८ मध्ये हे मांडलं.

याची किंमत मात्र आहे. अणूत नेहमी खालच्या पातळ्या कमी आणि वरच्या जास्त अशी सोयीची मांडणी निवडतात. इथे उलटं: खाली १२ उपपातळ्या, वर ४. खालच्या काही उपपातळ्या दिलेल्या पोलरायझेशनचा (प्रकाशलहरीच्या कंपनदिशेचा) प्रकाश शोषतच नाहीत, त्या डार्क स्टेट. रेणू तिथे जाऊन बसला की लेसर कितीही मारा, तो हलत नाही.

तापमानाचंही इथेच सांगून टाकते. ३०० केल्विनला रेणू शेकडो रोटेशनल अवस्थांत विखुरलेले असतात, एन=१ मध्ये जेमतेम ०.४ टक्के. ४ केल्विनला तोच आकडा २२ टक्क्यांवर जातो. म्हणून भट्टी नको, क्रायोस्टॅट (अतिशीत कक्ष) हवा.

---

गाऊसभाऊ

डार्क स्टेटचा इलाज चुंबकीय क्षेत्र. ते पोलरायझेशनच्या दिशेला तिरकं लावायचं, साधारण ६० अंशांच्या आसपास, म्हणजे अंधारातले रेणू फिरत फिरत उजेडात येतात. ५ गाऊसला एफ=२ च्या (एफ म्हणजे अणुकेंद्राचा स्पिनही धरून एकूण कोनीय संवेग) उपपातळ्यांमधलं अंतर साडेतीन मेगाहर्ट्झ होतं, तेवढं पुरतं. क्षेत्र फार कमी ठेवलं तर रेणू अंधारात अडकतात. फार जास्त ठेवलं तर पातळ्या इतक्या फाकतात की लेसरच त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

दुसरी गोष्ट, एन=१ ही एक रेघ नाही. इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि हायपरफाईन (अणुकेंद्राच्या स्पिनचा परिणाम) यांमुळे तिचे चार भाग होतात, १७० मेगाहर्ट्झमध्ये पसरलेले. चौघांनाही प्रकाश हवा. त्यासाठी इलेक्ट्रो-ऑप्टिक मॉड्युलेटर (एका किरणातून शेजारच्या फ्रिक्वेन्सी, म्हणजे साईडबँड, काढणारं क्रिस्टल) ४२.५ मेगाहर्ट्झवर, मॉड्युलेशन इंडेक्स २.६. हा २.६ असाच आलेला नाही. बेसेल फंक्शनचा तक्ता बघा. या इंडेक्सला मधल्या कॅरियरमध्ये (मूळ फ्रिक्वेन्सीत) १ टक्का पॉवर उरते, ±४२.५ वर प्रत्येकी २२ टक्के आणि ±८५ वर प्रत्येकी २१ टक्के. चार भाग, चार जवळजवळ सारखे साईडबँड. ते रेघांवर तंतोतंत बसत नाहीत, एका ठिकाणी १० मेगाहर्ट्झच्या आसपास चूक राहते, पण लेसर जोरात असला की पॉवर ब्रॉडनिंगमध्ये (जोराच्या प्रकाशाने रेघ रुंदावते त्यात) ती खपून जाते. उरलेली १३ टक्के वरच्या साईडबँडमध्ये जाते, तिच्यावर पाणी सोडा.

रिपंपलाही हाच मॉड्युलेटर लागतो, हे विसरतात लोक. व्ही=१ चेसुद्धा चार भाग आहेत. रिपंपने एकच भाग उचलला तर बाकी तीन ठिकाणी रेणू साचतात, आणि सिग्नल गेला कुठे म्हणून माणूस व्हॅक्यूम तपासत बसतो.

---

हिंगणा_फिटर

झोत कसा काढायचा त्यावर कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. अर्धा प्रयोग तिथेच बसतो.

सेल, म्हणजे रेणू जिथे तयार होऊन थंड होतात तो तांब्याचा ठोकळा, आत साधारण इंचभर पोकळी. तांबं ऑक्सिजनमुक्त प्रतीचंच घ्या, साध्या तांब्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता ४ केल्विनला फारच पडते. हिंगणा एमआयडीसीत सीएनसीवर होण्यासारखं काम आहे. फक्त शेवटचा हात मारताना कटिंग ऑईलचा थेंबही भोकांत राहू देऊ नका, आणि आंधळ्या भोकात बसणाऱ्या प्रत्येक स्क्रूला मधोमध आरपार छिद्र पाडून घ्या, नाहीतर अडकलेली हवा दिवस दिवस गळत राहते. जोडांमध्ये इंडियमची तार किंवा पातळ पत्रा घाला. झोत निघण्याचं छिद्र ३ ते ५ मिलिमीटर.

आत रेणूंना थंड करून छिद्रातून बाहेर नेणारा हेलियम सोडायचा, मिनिटाला ५ प्रमाणित घनसेंटीमीटर. ३ मिलिमीटरच्या छिद्राला आतली घनता दर घनसेंटीमीटरला ९ गुणिले १० चा १५ वा घात येते. टार्गेटवर (ज्यातून रेणू उडवायचे त्या तुकड्यावर) एनडी-याग लेसरचा स्पंद, १० ते २५ मिलिज्यूल, सेकंदाला १० वेळा. २० मिलिज्यूल धरले तर सेलवर ०.२ वॉटचा भार. ४ केल्विनला १ वॉट उचलणाऱ्या पल्स ट्यूबला (क्रायोस्टॅट थंड करणाऱ्या यंत्राला) तो झेपतो.

टार्गेटच्या दोन वाटा. एक, स्ट्रॉन्शियम डायफ्लोराइडची भुकटी हायड्रॉलिक प्रेसमध्ये दाबून केलेली वडी. बनवायला सोपी, पण लेसर एकाच जागी पडत राहिला की खड्डा पडतो आणि सिग्नल बसतो, म्हणून आरसा हलवून जागा बदलत राहावी लागते. दुसरी, स्ट्रॉन्शियम धातूचा तुकडा आणि सोबत सल्फर हेक्झाफ्लोराइड, मिनिटाला ०.०१ घनसेंटीमीटरच्या घरात. यात याग कमी लागतो आणि स्पंदागणिक सिग्नल जास्त सारखा. पण हा गॅस शून्याखाली ६४ अंशांना गोठतो. त्याची नळी सेलपर्यंत गरम ठेवायला हवी आणि सेलला तांब्याने चिकटता कामा नये. नळीच्या तोंडाशी बर्फ धरला की प्रवाहमापक सगळं ठीक दाखवत राहतो आणि आत गॅस पोचतच नाही. धातूही हवेत मिनिटांत काळवंडतो, तो तेलातून काढून आर्गनखालीच बसवा. सेल उघडताना हातमोजे घाला. आत साठलेल्या भुकटीला दमट हवा लागली की हायड्रोजन फ्लोराइड सुटू शकतो.

---

अंबाझरीकर

फिटर भाऊ, उत्तम. त्यात एक भर. हेलियमचा पंप कुठला वापरता यावर दिवसाचं गणित ठरतं. टर्बो पंप (वेगाने फिरणाऱ्या पात्यांचा व्हॅक्यूम पंप) एकटा पुरत नाही. ४ केल्विनच्या तांब्याच्या पत्र्यांवर नारळाच्या करवंटीचा ॲक्टिव्हेटेड कोळसा चिकटवायचा, १–२ मिलिमीटरचे दाणे, क्रायोजेनिक इपॉक्सीच्या पातळ थरावर एकेरी. १० केल्विनच्या खाली हा कोळसा हेलियम अक्षरशः पितो. (इतवारीतून कबाबाचा कोळसा आणून चालणार नाही. पाणी शुद्ध करायच्या फिल्टरसाठी विकतात तो धुऊन, भट्टीत सुकवून वापरा.)

कोळसा भरला की झोताचा वेग वाढल्यासारखा दिसत नाही, सिग्नल नुसता हळूहळू उतरतो. कारण छिद्राबाहेर हेलियम साचतो आणि रेणू त्याला धडकून विखुरतात. तेव्हा ३० केल्विनपर्यंत गरम करून, हेलियम टर्बोने काढून, पुन्हा थंड करायचं.

हेलियम नको असेल तर निऑन, सेल २० केल्विनला. पूर्ण जोराने निघालेल्या झोताचा वेग दोघांचाही जवळपास २०० मीटर प्रतिसेकंद येतो, कारण निऑन पाचपट जड आणि सेल पाचपट गरम. निऑन ४ केल्विनच्या पत्र्यावर स्वतःच गोठतो, कोळशाची भानगड नाही. पण रेणूंची रोटेशन तितकी थंड होत नाही आणि एन=१ चा वाटा घटतो. माझा कौल हेलियमला.

---

संत्रानगरी

सगळं ठीक, पण स्ट्रॉन्शियमच का? कॅल्शियम फ्लोराइड हलका आहे, ५९ एकक. ६०६ नॅनोमीटरचा एक फोटॉन सेकंदाला ११ मिलिमीटरचा धक्का देतो, तुमच्या दुप्पट. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजने २०१७ मध्ये कॅल्शियम फ्लोराइडच ५० मायक्रोकेल्विनपर्यंत नेला, डॉप्लर मर्यादा (साध्या लेसर कूलिंगची खालची हद्द) २०० असताना. त्याच वर्षी हार्वर्डनेही त्याचाच मॅग्नेटो-ऑप्टिकल ट्रॅप (चुंबकीय क्षेत्र आणि लेसर यांचा सापळा) केला. जग तिकडे गेलं ते उगाच का?

---

लोलक

ट्रॅप करायचा असेल तर तुमचं बरोबर. आडव्या कूलिंगसाठी नाही.

६०६ ला थेट डायोड नाही. एक तर डाय लेसर, नाहीतर १,२१२ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड प्रकाश फायबर अँप्लिफायरमधून नेऊन क्रिस्टलमध्ये दुप्पट फ्रिक्वेन्सीचा करायचा. दोन्ही महाग, आणि डाय लेसरला रोज सकाळी माणूस लागतो. शिवाय कॅल्शियम फ्लोराइडचा मोठा फायदा वेग कमी करताना दिसतो. तिथे मुख्य लेसर ५३१ वर बी या आणखी वरच्या अवस्थेतून चालवतात आणि व्ही=१ चा रिपंप ए अवस्थेतून. दोघांची वरची अवस्था वेगळी राहिली की रेणू जास्तीत जास्त गामाच्या (वरची अवस्था फोटॉन सोडते त्या दराच्या) एक चतुर्थांश वेगाने फोटॉन विखुरतो. दोघांनी एकच वरची अवस्था वाटून घेतली तर खाली २४ उपपातळ्या, वर ४, म्हणजे एक सप्तमांश. आपल्या प्रयोगात एक सप्तमांश पुरतो. स्ट्रॉन्शियम फ्लोराइडला तो सेकंदाला कमाल ६० लाख फोटॉन होतो. प्रत्यक्षात १० लाख जरी मिळाले तरी १५ सेंटीमीटरच्या पट्ट्यात, २०० मीटरच्या वेगाने, पाऊण मिलिसेकंदात ७५० फोटॉन. गरज ५०० ची.

---

तर्रीबाज

मग झोत आडवा आवळण्याऐवजी समोरून लेसर मारून थांबवूनच टाकला तर? एवढं सगळं उभं केलंच आहे तर.

---

गाऊसभाऊ

भाऊ, २०० ऐवजी १४० मीटरचाच वेग धरला तरी तो ५.६ मिलिमीटरच्या धक्क्यांनी मारायला २५,००० फोटॉन लागतात. दोन रिपंपांवर सुटलेली १ लाखात एकाची गळती तिथे २२ टक्के रेणू घेऊन जाते, म्हणजे व्ही=३ साठी तिसरा रिपंप आला. वेग घटेल तशी डॉप्लर शिफ्ट (वेगामुळे रेणूला दिसणाऱ्या फ्रिक्वेन्सीतला फरक) बदलते, १४० मीटरला २११ मेगाहर्ट्झ, म्हणून लेसरची फ्रिक्वेन्सी सरकवत न्यायची किंवा ती पसरट करायची. थांबायला पाऊण मीटर आणि १० मिलिसेकंद. त्या १० मिलिसेकंदांत झोत आडवा पसरत जातो, आणि हळू झालेला रेणू तर जास्तच. येलला आडव्या कूलिंगपासून ट्रॅपपर्यंत यायला २०१० ते २०१४ लागले. आडवं कूलिंग आधी करा, तेच सगळे लेसर पुढे कामाला येतात.

---

अंबाझरीकर

आता आडव्या पट्ट्याची मांडणी. ६६३ चा किरण दोन आरशांमध्ये नागमोडी फिरवायचा, १५ सेंटीमीटरमध्ये ७५ फेऱ्या, म्हणजे दर फेरीला २ मिलिमीटर सरक. इथे एक हमखास फसगत होते. किरण झोताला काटकोनात नसेल तर पुढचा २०० मीटरचा वेग आडव्या हिशोबात शिरतो. १ अंश तिरपा झाला की साडेतीन मीटर, म्हणजे ५.३ मेगाहर्ट्झची शिफ्ट, जवळजवळ अख्खी लाईनविड्थ. आरसे १० सेंटीमीटरवर ठेवले तर २ मिलिमीटरच्या सरकीनेच १.१ अंश तिरपेपणा येतो. ३० सेंटीमीटरवर ठेवा, ०.४ अंश होतो आणि शिफ्ट २ मेगाहर्ट्झवर येते.

दुसरं, काचा. दर फेरीला किरण दोन खिडक्यांतून जातो, चार पृष्ठभाग. प्रत्येकी पाव टक्का गेला तर फेरीला १ टक्का, ७५ फेऱ्यांनंतर ४७ टक्केच उरतो. परतणारा किरण त्याहून अशक्त. मग एका बाजूने जोर जास्त, आणि झोत आवळण्याऐवजी बाजूला ढकलला जातो. चांगलं कोटिंग घ्या, किंवा आरसे व्हॅक्यूमच्या आत.

---

मेघदूत_रामटेक

वाचतोय. एक शंका. २०१० च्या कामात डॉप्लर आणि सिसिफस असे दोन प्रकार आले होते आणि डिट्यूनिंगची (लेसर रेघेपासून कुठल्या बाजूला सरकवला त्याची) चिन्हं उलटी होती. कुठलं कधी?

---

लोलक

क्षेत्रावर ठरतं. ५ गाऊसला लेसर रेघेच्या लाल बाजूला (कमी फ्रिक्वेन्सीला) ठेवला की डॉप्लर कूलिंग होतं आणि निळ्या बाजूला झोत फाकतो. ०.६ गाऊसला सिसिफस, तिथे उलटं, निळी बाजू थंड करते आणि लाल तापवते. निळ्या बाजूला उजेडातल्या अवस्थेची ऊर्जा स्टँडिंग वेव्हच्या (समोरासमोरच्या किरणांनी बनलेल्या उजळ-अंधुक पट्ट्यांच्या) उजळ जागी चढलेली असते. रेणू चढ चढून वर येतो, वेग गमावतो, वरच फोटॉन घेऊन डार्क स्टेटमध्ये घसरतो, आणि क्षेत्र त्याला अंधुक जागी, उताराच्या तळाशी, पुन्हा उजेडात आणतं. परत चढ. म्हणून क्षेत्र इतकं कमी लागतं: रेणूने थोडं अंतर कापल्यावरच तो अंधारातून बाहेर यायला हवा, लगेच नाही.

येलच्या मोजमापात सिसिफसने आडवं तापमान ५० मिलिकेल्विनवरून ३०० मायक्रोकेल्विनच्या आसपास आलं, डॉप्लरने ५ मिलिकेल्विनच्या आसपास. ३०० मायक्रोकेल्विन म्हणजे आडवा वेग सेकंदाला १५ सेंटीमीटर.

०.६ गाऊस ही फार लहान गोष्ट आहे. पृथ्वीचं क्षेत्रच आपल्याकडे ०.४ गाऊसच्या आसपास. तिन्ही दिशांना कॉइल लावून ते आधी शून्यावर आणा आणि मग हवं तेवढं द्या. शून्य फ्लक्सगेटने (चुंबकीय क्षेत्र मोजायच्या उपकरणाने) पट्ट्याच्या दोन्ही टोकांना मोजा, मधोमध एकदाच नको. आयन पंपाचा चुंबक, लोखंडी कपाट, टेबलाखालचा स्टीलचा स्टूल, सगळे या मोजमापात दिसतात.

---

कूलरविरोधी

इथवर कोणी नागपूरचा उन्हाळा काढला नाही याचं आश्चर्य वाटून राहिलं. शीर्षकात हवा आहे म्हणून सांगतो.

पल्स ट्यूबचा कॉम्प्रेसर ७–८ किलोवॅट खातो आणि ती सगळी उष्णता पाण्यात टाकतो. पाणी आत जाताना २७ अंशांच्या वर गेलं की तो ट्रिप होतो. मे महिन्यात टाकीतलं पाणीच त्याहून गरम असतं, म्हणजे नळाचं पाणी विसरा, बंद चक्राचा चिलर हवा. आणि चिलरची क्षमता ४५ अंश हवेला किती ते विचारा. कागदावर दिलेली क्षमता बहुतेक वेळा २५ किंवा ३५ अंशांची असते. पाणी डीएम (क्षार काढलेलं) घाला. बोअरच्या पाण्याने कॉम्प्रेसरच्या हीट एक्सचेंजरमध्ये क्षार बसतात आणि पुढच्या उन्हाळ्यात तो विनाकारण ट्रिप होऊ लागतो.

चेंबरच्या भिंतीतून आत पडणारी उष्णता तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. २७ अंशांऐवजी ४५ अंश असेल तर २६ टक्के जास्त. रेडिएशन शील्डवर ॲल्युमिनाइज्ड फिल्मचे थर घालताना हा आकडा धरा.

ऑप्टिक्सच्या खोलीत वाळ्याचा कूलर लावायचा विचारही करू नका. दमट हवा, धूळ आणि थरथर, तिन्ही एकदम. एसीच हवा, आणि त्याचा झोत टेबलावर नको.

मे महिन्यात दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली. नायलॉनचा शर्ट घालून डायोडच्या तारेला हात लावला की स्थिर विजेने डायोड मरतो, आणि लगेच मरतोच असंही नाही, अर्धमेला होऊन मोड उड्या मारायला लागतो. मनगटाला अर्थिंगचा पट्टा, टेबलावर अँटिस्टॅटिक चटई. जुलैत बरोब्बर उलटं. दवबिंदू २४ अंशांच्या आसपास, आणि चिलर किंवा डायोडचा टीईसी (विजेवर चालणारा छोटा कूलर) १८ वर ठेवला तर त्यावर पाणी सुटतं. पावसाळ्यात डायोडचं तापमान दवबिंदूच्या वर ठेवा, नाहीतर डबी हवाबंद करून आत सिलिका जेल घाला.

---

अंबाझरीकर

@कूलरविरोधी, यातलं लेसर लॉकिंगलाही (लेसरची फ्रिक्वेन्सी एका जागी धरून ठेवायलाही) लागू आहे. तीन डायोड एकाच फॅब्री-पेरो कॅव्हिटीने (समोरासमोरच्या दोन आरशांच्या पोकळीने) बांधायचे आणि कॅव्हिटी ६३३ च्या स्थिर हेलियम-निऑन लेसरला, ही स्वस्त आणि मस्त पद्धत. पण कॅव्हिटी उघड्या हवेत असेल तर हवेचा अपवर्तनांक ६३३ आणि ६६३ ला थोडा वेगळा असतो, आणि हवा तापली की हा फरकही बदलतो. १० अंशांच्या बदलाला ६६३ चा लेसर ५–६ मेगाहर्ट्झ सरकतो आणि लॉक मात्र हिरवा दिवा दाखवत राहतो. दुपारी सिग्नल पडून संध्याकाळी परत आला तर आधी इथे बघा. कॅव्हिटीची नळी दोन्ही टोकांना काच लावून बंद करा, हवेची घनता स्थिर राहिली की पुरे. व्हॅक्यूम केला तर उत्तमच.

---

मेघदूत_रामटेक

आणि कूलिंग झालं हे कशावरून म्हणायचं? चित्रात झोत बारीक दिसला म्हणून?

---

गाऊसभाऊ

हा प्रश्न या धाग्यात पहिलाच यायला हवा होता.

नुसता बारीक दिसला तर काही सिद्ध होत नाही. कडेचे रेणू डार्क स्टेटमध्ये किंवा व्ही=२ मध्ये हरवले तरी झोत बारीकच दिसतो. मधलं शिखर उंचावलं पाहिजे आणि चित्राखालचं एकूण क्षेत्रफळ आधीइतकंच राहिलं पाहिजे. म्हणून कूलिंगचा पट्टा आणि कॅमेरा यांच्यामध्ये सफाईची जागा ठेवा. तिथे मुख्य लेसर नाही, फक्त दोन्ही रिपंप. व्ही=१ आणि व्ही=२ मध्ये अडकलेले सगळे व्ही=० वर परत येतात आणि मोजणीत धरले जातात.

मग चिन्ह उलटवा. बाकी काहीही न हलवता डिट्यूनिंग लालवरून निळ्यावर न्या. एका बाजूला शिखर चढलं आणि दुसऱ्या बाजूला मध्ये खड्डा पडला तर ते बलामुळे आहे. दोन्हीकडे सारखंच बारीक झालं तर ती गळती.

कॅमेऱ्यात विखुरलेल्या ६६३ चा पार्श्वप्रकाश फार येतो, कारण फ्लुओरेसन्सही (रेणूंनी सोडलेला प्रकाशही) त्याच रंगाचा. काळ्या केलेल्या नळ्या, धारदार बॅफल, आणि वेळेची खिडकी. रेणू १ मीटरवर ५ मिलिसेकंदांनी पोचतात. यागची चमक तोवर केव्हाच विझलेली असते. स्पंद सोडून घेतलेलं चित्र वजा करा, पण प्रत्येक चित्रासोबत लगेच. तासाभराने घेतलेल्या एकाच पार्श्वभूमीवर विसंबू नका.

---

संत्रानगरी

कॅल्शियमचा हट्ट सोडला. पण याच लेसरच्या खेळात पुढे तीन अणूंचे रेणूही आले, स्ट्रॉन्शियम हायड्रॉक्साइड २०१७, आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा त्रिमितीय ट्रॅप २०२२, दोन्ही हार्वर्डमध्ये. तिथे वाकण्याच्या कंपनालाही रिपंप लागतात, लेसरांची संख्या दहाच्या पुढे जाते. वेगळा धागा काढा कोणीतरी.

---

हिंगणा_फिटर

शेवटी एक राहिलंच. लाईन गेली तर?

८ तास चालवलं तर मिनिटाला ५ घनसेंटीमीटरने कोळशात सुमारे २.४ लिटर हेलियम साठलेला असतो. लाईन गेली की पल्स ट्यूब थांबते, कोळसा तापतो आणि तो सगळा हेलियम बाहेर. ५० लिटरच्या चेंबरमध्ये दाब ५० मिलिबारच्या घरात जातो. चेंबर फुटत नाही, पण अजून फिरत असलेल्या टर्बोवर एवढा गॅस आदळला तर बेअरिंग जातात.

त्यामुळे: टर्बो आणि चेंबरच्या मध्ये वीज गेल्यावर आपोआप मिटणारा गेट व्हॉल्व्ह. हेलियम आणि सल्फर हेक्झाफ्लोराइड, दोन्ही नळ्यांवर तसेच सोलेनॉइड व्हॉल्व्ह. चेंबरवर रिलीफ व्हॉल्व्ह, कारण निऑन वापरलात किंवा कोळसा कित्येक दिवस रिकामा केला नसेल तर साठा पुष्कळ मोठा होतो. टर्बोचा कंट्रोलर, गेज आणि यागचा इंटरलॉक यूपीएसवर घ्या. कॉम्प्रेसर आणि चिलर घेऊ नका, तेवढा यूपीएस कोणाला परवडत नाही. लाईन परत आली की कॉम्प्रेसर आपोआप सुरू होऊ देऊ नका. आधी चिलरचं पाणी फिरू द्या, तापमान बघा, दाब बघा, गरज असेल तर गेट व्हॉल्व्ह बंद ठेवून रफिंग पंपाने हेलियम काढा, आणि मग हाताने बटण दाबा.